रोस्लिनला निघण्याआधी: दक्षिण आफ्रिकेतली युनियन, संप आणि पगार

प्रश्नकर्ते चाकणजवळच्या, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत एचआर मॅनेजर आहेत. कंपनी त्यांना तीन वर्षांसाठी प्रिटोरियाजवळ, रोस्लिनच्या कारखान्यात पाठवते आहे. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. तिथे सारखे संप होतात म्हणे, झाला तर करायचं काय? इकडच्यासारखे कंत्राटी कामगार घेऊन युनियनचा जोर कमी करता येईल का? आणि तिसरी, जरा वैतागून विचारलेली: दर तिसरा माणूस बेकार असलेल्या देशात युनियनवाले पगारवाढ मागतात कुठल्या तोंडाने?

मी हेच काम केलं, आणि त्यातला मोठा काळ दक्षिण आफ्रिकेच्या गाउटेंग आणि क्वाझुलू-नाताळ या प्रांतांत. तिन्हींची उत्तरं देतो, पण आधी एक फरक नीट समजून घ्या. बाकी सगळं त्यावर उभं आहे.

आपल्याकडे मालक-कामगार भांडणात सरकार कायम मध्ये बसलेलं असतं. मागणीपत्र आलं की लेबर कमिशनरकडे तारखा. जुन्या कायद्यात तर संप चिघळला की सरकार वाद न्यायाधिकरणाकडे सोपवून संप चालू ठेवायला मनाई करू शकत असे. कामगार कपात करायची तर परवानगी, पूर्वी 100 कामगारांपासून, आता नव्या संहितेत 300 पासून. त्यामुळे आपल्या मॅनेजरला एक सवय लागते: काही झालं की 'वरच्या साहेबांना भेटून घेऊ'. दक्षिण आफ्रिकेत 1995 च्या लेबर रिलेशन्स ॲक्टने सरकारला या भांडणातून जवळजवळ बाहेर काढलं. कायद्याने भांडणाचे नियम घालून दिले, समेटासाठी सीसीएमए नावाची स्वायत्त संस्था दिली आणि पुढचं दोघांवर सोपवलं. तिथे तुम्ही साहेब शोधत फिरलात तर दोन आठवडे वाया जातील, आणि तेवढ्यात युनियन कायद्याची पुढची पायरी चढून गेलेली असेल.

आता संप. पगारावरचा वाद असेल तर युनियन तो सीसीएमएकडे किंवा त्या उद्योगाच्या बार्गेनिंग कौन्सिलकडे, म्हणजे मालक आणि युनियन मिळून दर ठरवतात त्या मंडळाकडे, नोंदवते. समेटाचा प्रयत्न होतो. तो फसल्याचं प्रमाणपत्र मिळालं किंवा 30 दिवस उलटले की युनियन 48 तासांची लेखी नोटीस देऊ शकते. 2019 पासून त्याआधी सभासदांचं गुप्त मतदानही घ्यावं लागतं. एवढं केलं की संप 'प्रोटेक्टेड' ठरतो. मग संपात भाग घेतला म्हणून कोणाला काढता येत नाही, कराराचा भंग म्हणून नुकसानभरपाई मागता येत नाही. पगार मात्र देऊ नका, 'काम नाही तर दाम नाही' हे दोघांनाही मान्य असतं. तुम्हालाही हत्यारं आहेत. संपाला उत्तर म्हणून टाळेबंदी करता येते, आणि तशा वेळी बदली कामगारही लावता येतात. पण आधी तुम्ही टाळेबंदी केली आणि संप नव्हताच, तर बदली कामगार चालत नाहीत. हा बारकावा वकिलाकडून लिहून घ्या.

गेटवर टोई-टोई सुरू होईल. गुडघे उचलत, एका तालात, शेदोनशे माणसं नाचतात, एक जण 'अमांडला' ओरडतो आणि बाकीचे 'अवेथू' म्हणून उत्तर देतात. भारतातून नव्याने आलेला मॅनेजर हे पहिल्यांदा पाहतो तेव्हा त्याला दंगल वाटते आणि हात पोलिसांच्या नंबरकडे जातो. पोलीस बोलावू नका. पिकेटिंगचे, म्हणजे संपकऱ्यांनी गेटवर उभं राहून निदर्शनं करण्याचे, नियम ठरल्याशिवाय तिथे पिकेट करताच येत नाही, त्यामुळे गेटपासून किती अंतर, किती माणसं, ट्रक कुठून जाणार हे आधीच कागदावर असतं. तो कागद सुरक्षारक्षकाच्या टपरीत लावून ठेवा. सगळं गोडीगुलाबीचं असतं असंही नाही. कामावर येणाऱ्यांना धमकावणं, मारहाण, जाळपोळ हे काही संपांत झालेलं आहे. तसं झालं तर लेबर कोर्टातून मनाई हुकूम मिळतो, पण त्यासाठी कोणी काय केलं याचे फोटो आणि वेळा लागतात. 'जमाव हिंसक होता' एवढ्यावर कोर्ट हुकूम देत नाही.

खरं सांगायचं तर कायदेशीर संपाची फार भीती बाळगू नका. तो सांगून येतो. मेटल आणि मोटर उद्योगातले करार वर्षाच्या मध्याला, नाहीतर त्यानंतर संपतात, म्हणून हिवाळ्यातल्या त्या महिन्यांना तिथले लोक 'स्ट्राइक सीझन'च म्हणतात. 2013 मध्ये आधी मोटार कंपन्यांत संप झाला आणि तो मिटतोय तोवर सुटे भागवाले आणि डीलर यांच्याकडे सुरू झाला. तुमच्या धंद्याच्या दृष्टीने हे नीट समजून घ्या: रोस्लिन आणि सिल्व्हर्टनच्या असेंब्ली लाइनला माल तासातासाच्या हिशेबाने जातो. नुम्सा या धातुकामगारांच्या युनियनला तुमचा माल कुठल्या लाइनवर जातो हे तुमच्या डिस्पॅचवाल्याइतकंच ठाऊक असतं.

धोका असतो तो न सांगता होणाऱ्या, बेकायदा कामबंदीचा. आणि तिचं कारण जवळजवळ कधीच मोठं नसतं. ओव्हरटाइमचा दर चुकला, रविवारचं काम दुप्पट दराऐवजी दीडपटीने लावलं, सुपरवायझरने वर्णावरून काही बोललं. अशा वेळी ताबडतोब युनियनच्या पदाधिकाऱ्याला फोन, मग लेखी अल्टिमेटम, त्यात कामावर परतायला पुरेसा वेळ, आणि ते कामगारांना समजेल अशा भाषेत वाचून दाखवायचं. या पायऱ्या न घेता सरसकट काढून टाकलं की प्रकरण तुमच्यावर उलटतं.

एकट्या माणसाला काढण्याचंही तेच. एका कारखान्यात रात्रपाळीला झोपलेल्या ऑपरेटरचा व्हिडिओ सुपरवायझरने काढला आणि सकाळी त्याला गेटवरूनच परत पाठवलं. व्यवस्थापनाला वाटलं, व्हिडिओ आहे, आता काय उरलं? सीसीएमएच्या कमिशनरने तो आधी पाहिलाच नाही. त्याने विचारलं, सुनावणीची नोटीस कुठे आहे, त्याच्यासोबत शॉप स्टुअर्ड, म्हणजे कारखान्यातला युनियनचा प्रतिनिधी, होता का, याआधी असं करणाऱ्यांना काय शिक्षा दिली? तिसऱ्या प्रश्नालाच गाडी अडली, कारण आदल्या वर्षी दुसऱ्या एकाला फक्त ताकीद दिली होती. कामगाराला सीसीएमएकडे जायला 30 दिवस असतात, फी नसते, वकील लागत नाही. अन्याय्य बडतर्फीला पुन्हा कामावर घेण्याचा आदेश होऊ शकतो, नाहीतर 12 महिन्यांच्या पगारापर्यंत भरपाई. गर्भारपण, वंश, युनियनचं सभासदत्व अशा कारणांवरून काढलं असेल तर मर्यादा 24 महिने.

कपातीबाबत मात्र भारतीय मॅनेजरला सुखद धक्का बसतो. सरकारची परवानगी लागत नाही. त्याच लेबर रिलेशन्स ॲक्टच्या सेक्शन 189 खाली नोटीस द्यायची, युनियनशी खरीखुरी चर्चा करायची, पर्याय तपासायचे. 50 हून जास्त कामगारांच्या ठिकाणी मोठी कपात असेल तर सीसीएमएचा मध्यस्थ येतो आणि साधारण 60 दिवस जातात. भरपाई दर वर्षाच्या नोकरीमागे किमान एक आठवड्याचा पगार, म्हणजे आपल्या 15 दिवसांच्याही निम्मी. फक्त 'निर्णय झाला आहे, कळवतो आहोत' असं पत्र चुकूनही पाठवू नका. चर्चेआधी निर्णय झाला हे त्या एका वाक्याने सिद्ध होतं, आणि अशी पत्रं नेहमी मुख्यालयातून, चांगल्या इंग्रजीत, येतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे: नाही. तिथे कंत्राटी माणसं पुरवणारे लेबर ब्रोकर आहेत, पण कायद्याने ठरवलेल्या मर्यादेच्या (2025 मध्ये वर्षाला साधारण 2.6 लाख रँड) आत कमावणारा माणूस तीन महिन्यांहून जास्त तुमच्याकडे राहिला, आणि तो कोणाच्या तात्पुरत्या बदलीवर नसेल, तर कायद्याने तो तुमचा कामगार मानला जातो. 2018 मध्ये संविधान न्यायालयाने नुम्साच्याच खटल्यात सांगितलं की अशा वेळी मालक एकच, तुम्ही. त्याला कायम कामगारापेक्षा वाईट वागणूक देता येत नाही. दर तीन महिन्यांनी माणसं बदलत राहण्याची आयडिया तुमच्या आधी बऱ्याच जणांना सुचलेली आहे. ती करणाऱ्याला युनियन आयती मिळते, कारण ब्रोकरच्या माणसांना एकत्र आणायला तेवढा मुद्दा पुरतो.

'आपली' युनियन उभी करण्याचा विचार कोणी सुचवला तर त्याला मारिकानाची गोष्ट सांगा. मुंबईच्या गिरणगावाची गोष्ट ज्याला माहीत आहे त्याला ती लगेच कळेल. 1946 च्या बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स ॲक्टखाली गिरण्यांत राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही एकच मान्यताप्राप्त युनियन होती. कामगारांचा तिच्यावरचा विश्वास उडाला होता, पण कायद्याने बोलणी तिच्याशीच. म्हणून जानेवारी 1982 मध्ये अडीच लाख माणसं डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गेली. मारिकानाच्या प्लॅटिनम खाणीत 2012 मध्ये नेमकं तसंच घडलं. लॉनमिन कंपनीत एनयूएम ही खाण कामगारांची बहुमताची युनियन. 1982 मध्ये स्थापन झालेली, पहिले सरचिटणीस सिरिल रामफोसा (पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष), 1987 मध्ये सुमारे तीन लाख खाण कामगारांचा तीन आठवड्यांचा संप करणारी. पण काळाच्या ओघात तिचे शॉप स्टुअर्ड पूर्णवेळ पदाधिकारी झाले, त्यांचा पगार वाढला, बसायला ऑफिस आलं. खडकात ड्रिल मारणारे, खाणीतलं सगळ्यात अवघड काम करणारे, त्यांच्याशी बोलेनासे झाले.

त्या ड्रिलवाल्यांनी 12,500 रँड पगार मागितला आणि युनियनला बाजूला ठेवून थेट व्यवस्थापनाकडे गेले. व्यवस्थापन म्हणालं, आम्ही मान्यताप्राप्त युनियनशीच बोलतो. कामगार एनयूएमच्या ऑफिसकडे गेले तर तिथून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढच्या काही दिवसांत दहा माणसं मेली, त्यात पोलीस आणि सुरक्षारक्षकही होते. 16 ऑगस्ट 2012 ला पोलिसांनी गोळीबार करून 34 जणांना मारलं. रामफोसा तेव्हा लॉनमिनच्या संचालक मंडळावर होते. एनयूएमची जागा आम्कू या प्रतिस्पर्धी युनियनने घेतली आणि 2014 मध्ये सुमारे 70,000 प्लॅटिनम कामगार पाच महिने संपावर राहिले. त्या पाच महिन्यांत खाणींजवळच्या रस्टेनबर्ग शहराच्या आजूबाजूची दुकानंसुद्धा उधारीवर चालली.

यातून तुमच्या कामाचं काय? शॉप स्टुअर्ड तुमच्याशी फार गोड बोलू लागला, सगळं मान्य करू लागला, की सावध व्हा. त्याच्यामागे माणसं राहिली आहेत का ते बघा. रात्रपाळीला अधूनमधून कँटीनमध्ये बसा. युनियनच्या सभासदत्वाचे आकडे दर महिन्याच्या वर्गणी कपातीत दिसतात, त्यातली घसरण ही पहिली खूण. माझ्या मते मजबूत आणि भांडखोर शॉप स्टुअर्ड हा कारखान्याच्या सुरक्षिततेचा भाग असतो. हे मुख्यालयाला पटवणं तुमच्या कामातला सगळ्यात कठीण भाग असेल.

आता तिसरा प्रश्न. बेरोजगारीचा आकडा खरा आहे: 2025 च्या पहिल्या तिमाहीत अधिकृत दर 32.9 टक्के होता, काम शोधणं सोडून दिलेले धरले तर 40 टक्क्यांच्या वर. 24 वर्षांच्या आतल्या, काम शोधणाऱ्या मुलामुलींत दहातले सहा बेकार. अर्थशास्त्राचं पहिलं पान वाचलेला कोणीही म्हणेल, मजुरी खाली आणा.

तिथल्या ऑपरेटरची पगाराची स्लिप समोर घेऊन बसा. वरच्या रकमेतून आयकर, बेरोजगारी विम्याचा 1 टक्का, प्रॉव्हिडंट फंड, बार्गेनिंग कौन्सिलचा लेव्ही, युनियनची वर्गणी जाते. मग बऱ्याच स्लिपांवर एक ओळ असते, कधी दोन, कधी तीन: कोर्टाच्या आदेशाने सावकारी कंपन्यांना थेट पगारातून जाणारा हप्ता. या आदेशांचा इतका गैरवापर झाला की 2016 मध्ये संविधान न्यायालयाला न्यायाधीशाने तपासल्याशिवाय ते निघू नयेत असं सांगावं लागलं. उरलेल्या पैशातून प्रवास. रोस्लिनला कामगार येतात सोशांगुवे, माबोपाने, गा-रांकुवातून, मिनीबस टॅक्सीने, अनेकांना दोन बदलाव्या लागतात. हे अंतर आपोआप पडलेलं नाही. रोस्लिन हे 1960 च्या दशकात वर्णभेदी सरकारने मुद्दाम 'बॉर्डर इंडस्ट्री' म्हणून वसवलं: कृष्णवर्णीय कामगार राहणार होमलँडच्या, म्हणजे त्यांच्यासाठी वेगळ्या काढलेल्या प्रदेशाच्या, बाजूला, कारखाना गोऱ्या बाजूला, मजुरी स्वस्त. आणि सगळं वजा जाता जे राहतं त्यावर घरातली बेकार माणसं जगतात. मेहुणी, भाचे, गावाकडची आजी. बेकारी वाढली की एका पगारावरची खाणारी तोंडं वाढतात, म्हणून मागणीही वाढते. तुमच्या प्रश्नात बेकारी हे पगारवाढ न मागण्याचं कारण आहे. त्या माणसासाठी ते मागण्याचंच कारण आहे.

त्यात इतिहासाचाही भाग आहे. 1924 च्या कायद्याने कृष्णवर्णीय पुरुषांना, ज्यांना सोबत 'पास' बाळगावा लागे, 'कामगार' या व्याख्येतूनच वगळलं होतं. त्यामुळे अर्धशतकाहून अधिक काळ त्यांच्या युनियनला कायद्यात जागा नव्हती. जानेवारी 1973 मध्ये डर्बनच्या कोरोनेशन वीटभट्टीतून कामगार बाहेर पडले आणि पाहता पाहता कापड गिरण्यांसह हजारो जण. व्यवस्थापन म्हणे, तुमचे प्रतिनिधी पाठवा. जमावाने नकार दिला, कारण पुढे येईल तो उद्या जाईल. तिथून सहा वर्षांनी, 1979 मध्ये, कामगार कायदे तपासणाऱ्या सरकारी विहान आयोगानंतर मान्यता मिळाली, 1985 मध्ये डर्बनलाच कोसाटू हा युनियनांचा महासंघ, स्थापन झाला. त्याचे पहिले सरचिटणीस जय नायडू, भारतीय वंशाचे.

त्याही आधीचा एक धागा आपल्या ओळखीचा आहे. नाताळमधल्या भारतीयांवर, गिरमिट संपवून राहिलेल्यांवर, वर्षाला तीन पौंडांचा कर होता. गोपाळ कृष्ण गोखले 1912 मध्ये तिथे जाऊन तो रद्द करा म्हणून सांगून आले. सरकारने केला नाही. 1913 मध्ये न्यूकासलच्या कोळसा खाणीतल्या भारतीय कामगारांनी संप केला, पुढच्या वर्षी कर गेला.

त्याच न्यूकासल गावात तुमच्या युक्तिवादाची सगळ्यात बळकट बाजू सापडते, ती मी लपवणार नाही. 2010 नंतर तिथल्या कपड्यांच्या कारखान्यांवर, बरेचसे चिनी आणि तैवानी मालकांचे, बार्गेनिंग कौन्सिलने कारवाई सुरू केली, कारण ते ठरलेल्या किमान दराच्या खाली पैसे देत होते. कारखाने बंद व्हायला लागले तेव्हा बायकांनी, म्हणजे तिथल्या कामगारांनीच, बंद करू नका म्हणून निदर्शनं केली. मोठ्या शहरांतले मालक आणि युनियन मिळून ठरवलेला दर मंत्री सगळ्या देशाला लागू करतो, आणि लहान गावातला शिवणकारखाना लेसोथो किंवा इस्वाटिनीला निघून जातो, जिथे मजुरी कमी आणि आयात-कराचा संघ (कस्टम युनियन) एकच, म्हणजे माल कर न भरता परत आणता येतो. 2013 मध्ये उच्च न्यायालयाने करार लादण्याचा तो आदेश रद्द केला. त्याआधीच, 2011 मध्ये, युनियनने स्वतः नव्या कामगारांना कमी दराने घ्यायला मान्यता दिली होती. शिवणकामात, जिथे मजुरी हाच मुख्य खर्च, तिथे दर वाढवला की नोकऱ्या जातात. माझ्या मते यात वादाला जागा नाही.

पण हे उदाहरण उचलून रोस्लिनला लावू नका. तुमच्या उत्पादन खर्चात मजुरीचा वाटा किती ते तुमच्याच कॉस्टिंगवाल्याला विचारा, आणि मग वीज, बंदरातला उशीर आणि आयात स्टील यांचा वाटा विचारा. 2007-08 पासून दीड दशकाहून जास्त काळ त्या देशाने अधूनमधून लोडशेडिंग सोसलं. 1990 च्या दशकात आयात कर झपाट्याने उतरले, 1996 च्या गीअर धोरणाने सरकारी खर्चाला लगाम घातला, खासगी गुंतवणूक मात्र अपेक्षेइतकी आली नाही. किमान वेतन 2019 मध्ये ताशी 20 रँडने सुरू झालं, मार्च 2025 मध्ये 28.79 झालं. आठवड्याला 45 तास धरले तर महिन्याला साधारण 5,600. एवढ्यावर देशाची बेकारी उभी आहे म्हणणं मला पटत नाही. ज्या युनियनवर आर्थिक धोरण अडवल्याचा आरोप होतो, त्या कोसाटूत आता शिक्षक, नर्स, पोलीस यांचं वजन जास्त आहे; नुम्साला 2014 मध्येच हाकलून लावलं, तिच्या पुढाकाराने 2017 मध्ये साफ्टू ही वेगळी संघटना झाली. खासगी कारखान्यातला कामगार आणि सरकारी नोकर यांची एकच 'युनियन लॉबी' आहे असं समजून बोलणीला बसलात तर समोरचा माणूस कोण हेच कळणार नाही.

जाण्याआधी काही कागद मागवून घ्या. पहिला, तुमचा कारखाना मोटर उद्योगाच्या मिब्को या बार्गेनिंग कौन्सिलमध्ये आहे की मेटलच्या एमईआयबीसीत, आणि तिथला मुख्य करार कधी संपतो. सुटे भागवाले दोन्हीकडे आढळतात आणि दर वेगळे असतात. दुसरा, नुम्साशी झालेला रेकग्निशन करार, म्हणजे युनियनला मान्यता देणारा करार. तिसरा, गेल्या काही वर्षांतल्या शिस्तभंगाच्या शिक्षांची यादी, कारण तुमची पहिलीच सुनावणी त्या यादीशी ताडून पाहिली जाईल. आणि एम्प्लॉयमेंट इक्विटीचा अहवाल, म्हणजे कोणत्या वंशगटाची किती माणसं कामावर आहेत याचा. त्यात 'भारतीय' असा रकाना दिसेल, पण तो तिथल्या नागरिकांसाठी आहे. तुम्ही आणि पुण्याहून येणारे चार इंजिनिअर परदेशी म्हणून मोजले जाल, आणि शॉप स्टुअर्डने पहिल्याच बैठकीत त्या पाच जागांवर स्थानिक माणसं कधी येणार असं विचारलं तर तारखेसकट उत्तर तयार ठेवा.